मुंबईतल्या पॅरिश कौन्सिलांना खुलं पत्र: तिचं नाव रजिस्टरमध्ये लिहा

मुंबई महाधर्मप्रांतातल्या सर्व पॅरिश कौन्सिलांचे सभासद आणि प्रमुख धर्मगुरू यांना सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी दुपारी मी उपनगरातल्या एका पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या धर्मग्रामाच्या, ऑफिसच्या बाकावर तीन तास बसून होते. सोबत चार बायका. चौघी घरकाम करणाऱ्या, दोघी झारखंडच्या, दोघी छत्तीसगडमधल्या जशपूरकडच्या. त्यांची मैत्रीण त्या पहाटे महापालिकेच्या रुग्णालयात वारली होती. गावी न्यायचं तर विमानाचं भाडं, पेटी, रांचीहून पुढे गाडी. ते कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. गावच्या भावाने फोनवर सांगितलं, तिथेच माती द्या, फक्त फादर असू देत.

ऑफिसमधून पहिला प्रश्न आला, "फॅमिली कार्ड आहे?" मग, "कुठल्या कम्युनिटीत नाव आहे?" मग, "नातेवाईक कोण?" चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकजण हळूच म्हणाली, "हम लोग हैं न."

बायकांनी तिच्या पत्र्याच्या पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली होती. त्यात आधार कार्ड, बँकेचं पासबुक, आणि घड्यांवर फाटत आलेला एक कागद. 1972 सालचा स्नानसंस्काराचा दाखला, रांची महाधर्मप्रांतातल्या एका गावच्या चर्चचा. निळी शाई तपकिरी झालेली, गोल शिक्का अर्धा पुसलेला. तो कागद तिने गावाहून मुंबईपर्यंत आणला होता, पाच घरं बदलताना सांभाळला होता. टेबलावर ठेवल्यावर तो उलटसुलट करून पाहिला गेला आणि उत्तर आलं, हा जुना आहे, आणि इथला नाही.

तेवढ्यात एक बाई आल्या, पावसात भिजलेल्या. मृत मैत्रीण ज्यांच्याकडे राहून काम करत होती, त्या. जैन कुटुंबातल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अकरा वर्षं माझ्याकडे आहे ती. दर रविवारी दुपारी चारला तुमच्याकडे यायला निघायची. घरी पाहुणे असले तरी मी तिला कधी अडवलं नाही. आणि तुम्ही विचारताय ती तुमची कोण?"

त्यानंतर फोन झाला, फादर आले, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नीट, मिस्सेसह, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेसह, माती दिली गेली. फादरांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं, त्या चौघींनी त्यांच्याकडच्या सादरी बोलीत एक गाणं म्हटलं. पण अकरा वर्षं त्या चर्चमध्ये गुडघे टेकणारी बाई आमची आहे, याची साक्ष एका जैन बाईंना द्यावी लागली. त्या दिवसापासून हे माझ्या मनातून जात नाही.

ऑफिसमधल्या माणसावर माझा राग नाही. त्याच्यापुढच्या रजिस्टरमध्ये जे रकाने होते तेच त्याने विचारले. प्रश्न रकान्यांचा आहे. आपलं सगळं पॅरिशचं काम कुटुंब धरून चालतं. एक दार, एक कार्ड, एक वर्गणीची वही. 1980 च्या दशकात बिशप बॉस्को पेन्हा यांच्या पुढाकाराने आपल्याकडे लघु ख्रिस्ती समूह, म्हणजे ऑफिसात विचारली गेली ती 'कम्युनिटी', उभे राहिले. इमारती-चाळींतून घरोघरी रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, बायबलवाचन, आजाऱ्यांची विचारपूस सुरू झाली. फार चांगलं काम आहे ते, मी स्वतः बारा वर्षं केलंय. पण तेव्हाही आम्ही यादी करायचो ती दारावरच्या नावांवरून. डिसूझा, परेरा, लोपीस दिसलं की बेल वाजवायची. शहा, अय्यर, खान यांच्या दारावर कशाला वाजवू? आणि त्याच दारामागे स्वयंपाकघरात, ओट्याखाली गादी गुंडाळून ठेवणारी एक कॅथलिक मुलगी असायची. बारा वर्षांत मी एकदाही तिच्यापर्यंत पोचले नाही. रोझरी ठेवायला तिच्याकडे घर नाही, वर्गणीच्या वहीत लिहायला आडनावाचं कुटुंब नाही. ती आपल्या हद्दीत राहते आणि आपल्या यादीत नाही.

आता कायदा बघा, आपलाच. 1983 च्या कॅनन कायद्याचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, 102 वं कलम सांगतं की एखादा माणूस एखाद्या पॅरिशच्या हद्दीत तीन महिने राहिला, किंवा निदान तीन महिने राहायचं ठरवून आला, की त्याचं तिथे तात्पुरतं वास्तव्य धरलं जातं. पाच वर्षं पूर्ण झाली की कायमचं. 107 वं कलम म्हणतं की याच वास्तव्यातून प्रत्येकाला आपला पॅरिश प्रीस्ट मिळतो. यात कार्ड कुठे आहे? वर्गणी कुठे आहे? म्हणजे ती बाई अकरा वर्षं आपल्या पॅरिशची होती, पूर्ण हक्काने. आपण फक्त लिहिलं नव्हतं.

काहीजण म्हणतील, बाहेरून येणाऱ्यांचा हा लोंढा नवा आहे, वेळ लागणारच. नवा कुठला? मुंबईचं चर्च उभं राहिलं तेच येणाऱ्यांच्या खांद्यावर. 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, इथल्या मूळच्या कॅथलिकांनी स्वतःला ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. का? तर गोवा आणि मंगळूरहून ख्रिस्ती माणसं रेल्वेच्या, सरकारी नोकऱ्यांच्या शोधात येत होती. नावं सारखी, धर्म एक. आपण वेगळे, कंपनी सरकारची सगळ्यांत जुनी कॅथलिक प्रजा, हे इंग्रजांना कळावं म्हणून हे नाव. घरात मराठी बोलणाऱ्या, इथल्या मातीतल्या त्या लोकांची भीती मी समजू शकते. नोकरी जाण्याची भीती होती ती. पण तेव्हाचे 'बाहेरचे' आज कौन्सिलच्या खुर्च्यांवर आहेत, आणि आज झारखंड-ओडिशातल्या गुमला, सिमडेगा, सुंदरगढहून येणाऱ्यांना तेच सांगतात, जे त्यांच्या पणजोबांना कुणीतरी सांगितलं होतं.

मीही बाहेरचीच. वसईची. 1984 साली लग्न होऊन मुंबईत आले. तेव्हा वसई मुंबई महाधर्मप्रांतातच होती, वेगळा धर्मप्रांत 1998 मध्ये झाला. तरी पहिल्या रविवारी मिस्सा इंग्रजीत, गाणी इंग्रजीत, बाहेर गप्पा इंग्रजीत. मी मराठी शाळेत शिकलेली. पुढच्या महिन्यात आई भेटायला आली, लाल लुगडं नेसून, कानात सोनं, आमच्याकडे सणाला जशी नेसतात तशी. ती मधल्या बाकावर बसली. चर्च भरलं, मागे माणसं उभी राहिली, पण तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. कुणी वाईट बोललं नाही. आईने घरी येऊन एवढंच विचारलं, "तुझं कसं होणार गं इथे?"

झालं ते असं की खालच्या मजल्यावरच्या एक मंगळुरी बाई एक दिवस जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "कोयरमध्ये एक आवाज कमी पडतोय, येतेस का?" मला त्यांनी काही दिलं नाही, माझ्याकडून काही मागितलं. त्या रविवारपासून मी त्या चर्चची झाले. म्हणून सांगते, नाताळला ब्लँकेट आणि केकचा पुडा वाटून कुणी आपलं होत नाही. वाचन कर, दानपेटी फिरव, मुलांना प्रार्थना शिकव, हिशेब तपास असं म्हटलं की माणूस आपलं होतं. किती कौन्सिलांनी आजवर एका घरकाम करणाऱ्या आदिवासी बाईला सभासद म्हणून बसवलंय? तुम्हीच आपापल्या बैठकीत एकदा हात वर करून बघा.

पोप फ्रान्सिस यांनी 2018 च्या स्थलांतरितांच्या दिवसासाठी जो संदेश दिला, त्यात चार क्रियापदं होती. स्वागत करणं, रक्षण करणं, पुढे आणणं आणि सामावून घेणं. आपण बहुतेक पहिल्यावर थांबलो आहोत. हिंदी मिस्सा सुरू केली, हॉल दिला, झालं. वेळही बघा कुठली देतो. ज्या वेळी इतर कुणाला चर्च नको असतं ती.

या वेगळ्या मिस्सेबद्दल दोन्हीकडून बोललं जातं, म्हणून माझं मत सांगते. काही जुने सभासद म्हणतात, वेगळी मिस्सा म्हणजे फूट, सगळ्यांनी एकत्र यावं. ऐकायला छान आहे. पण धोबीतलाव-गिरगावातले गोवेकरांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या राहायच्या सामायिक खोल्या, आठवा. गावागावाचा वेगळा कूड, आत पेट्यांची रांग, भिंतीला आल्तार, बोटीवर जाणारे आणि बोटीवरून आलेले खलाशी. संध्याकाळची रोझरी कोकणीत आणि ती चुकवायची नाही हा नियम. त्या कुडांनी मुंबईत फूट पाडली का? उलट तिथे पाठ टेकायला जागा मिळाली म्हणून ती माणसं या शहरात उभी राहू शकली. केरळच्या सिरो-मलबार लोकांना तर 1988 मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला, त्यांची उपासनापद्धती टिकावी म्हणून. धारावीत तमिळ मिस्सा होते. परक्या शहरात माणूस देवाशी बोलतो तो आईच्या भाषेत, यात काही चुकीचं नाही. कुडुख, मुंडारी, खडिया, सादरी बोलणाऱ्या बायकांनी एक तास आपल्या सुरात गावं, मांदर वाजवावा, यात कुणाचं काय जातं?

फरक इतकाच की मलयाळी नर्सकडे शिक्षण होतं, संघटना होत्या, मागे आपले बिशप होते. गोव्याच्या खलाशाकडे गावचा कूड होता. या मुलींकडे यातलं काही नाही. त्या एकेकट्या येतात, बरेचदा दलालाबरोबर, आणि एकेकट्याच कुणाच्या तरी घरात राहतात. म्हणून त्यांना नुसतं "तुमचं तुम्ही बघा, हॉल घ्या" म्हणून चालणार नाही. प्रार्थना आपापल्या भाषेत, पण कारभार एकत्र, असं मला वाटतं. कौन्सिल एक, रजिस्टर एक, दफनभूमी एक, सणाच्या मिरवणुकीत खांदा द्यायलाही सगळे.

आणि मराठी. याबद्दल मला विशेष बोलायचंय, कारण आपल्या पॅरिशांमध्ये इंग्रजी बोलण्याचे वर्ग निघतात, मराठीचे क्वचितच. रुग्णालयात केसपेपर काढताना रांगेत ओरडून सांगितलं जातं ते मराठीत. बसची पाटी मराठीत. पोलीस ठाण्यात जबाब लिहिला जातो तो मराठीत, आणि खाली तिचा अंगठा किंवा सही घेतली जाते. मालकाने चोरीचा आळ घेतला तर त्या कागदात काय लिहिलंय हे तिला वाचता आलं पाहिजे की नको? दर रविवारी मिस्सेनंतर पाऊण तास, आपल्या निवृत्त शिक्षिकांनी, आपल्याच हॉलमध्ये. खर्च फळा आणि खडूचा. माझ्यासारख्या वसईच्या, आणि गावठाणातल्या ईस्ट इंडियन बायका यासाठी आनंदाने येतील. आपली भाषा शिकवायला कुणाला आवडत नाही? या शहरात 'बाहेरचे' हा शब्द कसा वापरला जातो ते आपल्याला माहीत आहे. ती मराठीत दोन वाक्यं बोलली की समोरच्याचा आवाज बदलतो. हे मी बाजारात डोळ्यांनी बघितलंय.

आता जड गोष्ट. आपल्यापैकी अनेकांच्या घरी याच मुली काम करतात. मी कौन्सिलच्या सभासदांना उद्देशून बोलते आहे, इतर मालकांना नाही. मिस्सेला आपण त्यांना सोबत आणतो, बाळ सांभाळायला. बाळ रडलं की ती बाहेर जाते, प्रवचन तिचं राहतं. ख्रिस्तशरीर घ्यायला ती आपल्या मागे उभी असते, कडेवर आपला नातू. हे मी इतरांचं सांगत नाही, माझ्या मुलीच्या घरी हेच चालायचं आणि मी तीन वर्षं काही बोलले नाही. आता तिच्याकडच्या मुलीला रविवार दुपार ते रात्र सुट्टी आहे आणि पगार तिच्या खात्यात जमा होतो. घटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलंय. सरकार कुणाला चर्चला जायला अडवत नाही, खरं आहे. पण राहून काम करणाऱ्या बाईपर्यंत ते स्वातंत्र्य पोचतं मालकिणीच्या सुट्टीतून. त्या जैन बाईंनी तो हक्क अकरा वर्षं पाळला. एखाद्या कॅथलिक घरात तो पाळला जात नसेल तर त्याची चौकशी कोण करणार, कौन्सिल नाही तर?

सरकारी दारंही आहेत आणि तिथे तिला कुणीतरी घेऊन जावं लागतं. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी करायची तर काम करत असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे पुन्हा मालकाची सही. सिस्टर जीन देवोस यांनी 1985 मध्ये घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभी केली, ती याच प्रश्नांसाठी, आणि त्यांनी या मुंबईत वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे आपल्याच एका सिस्टरने वाट पाडून ठेवली आहे. वर्षातून दोन रविवार पॅरिशच्या आवारात टेबल मांडायचं आणि फॉर्म भरून द्यायचे. कुठल्याही धर्माची घरकामगार बाई आली तरी तिचाही फॉर्म भरायचा. शेजारच्या झोपडपट्टीतल्या मराठी, कानडी, मुसलमान बायका त्याच रांगेत उभ्या राहतील आणि आपल्या मुलींना कळेल की या शहरात आपल्यासारख्या पुष्कळजणी आहेत. त्यांची ओळख फक्त आदिवासी ख्रिस्ती एवढीच राहू नये. त्या कामगार आहेत, मुंबईकर आहेत, कुणाच्या तरी मैत्रिणी आहेत. चर्चने त्यांना आपल्या कुंपणात ओढून ठेवायचं नाही, कुंपणाचं फाटक त्यांच्यासाठी शहराकडे उघडायचं.

बुधवारी माहीमला सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला, म्हणजे दर आठवड्याच्या नवसाच्या प्रार्थनेला, जा. 1948 पासून ती चालू आहे. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे मेणबत्त्या घेऊन उभे असतात. तिथे कुणाला कार्ड विचारत नाहीत. सप्टेंबरात मोतमाउलीच्या जत्रेला वांद्र्याच्या टेकडीवर तेच. परधर्मीयासाठी आपण इतकी मोठी दारं उघडी ठेवतो, याचा मला अभिमान आहे. आपल्याच बहिणीला मात्र ऑफिसच्या बाकावर बसवून ठेवतो.

फादर स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात, कोठडीत असताना गेले. त्यांच्यासाठी आपण किती रडलो, किती मेणबत्त्या लावल्या. ज्या आदिवासींसाठी ते झारखंडमध्ये कित्येक दशकं राबले, त्यांच्याच मुली आपल्या चर्चच्या शेवटच्या बाकावर बसतात. त्या मुलींची नावं आपल्याला माहीत नाहीत.

मी एक सुरुवात केली आहे. दर रविवारी हिंदी मिस्सा सुटली की मी फाटकापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसते. नाव, मूळ गाव, मूळ पॅरिश, इथे कुठल्या इमारतीत राहते, किती वर्षं, सुट्टी कधी, आणि काही झालं तर फोन कुणाला करायचा. शेवटचा रकाना भरताना बहुतेकजणी थांबतात. मग शेजारच्या मैत्रिणीकडे बघतात आणि तिचा नंबर सांगतात. पहिल्या दिवशी दोघी आल्या, एक घाबरून परत गेली, पुढच्या रविवारी तीच चौघींना घेऊन आली. आजवर 63 नावं झाली आहेत. त्यातल्या 40 जणी पाच वर्षांहून जास्त काळ आपल्या हद्दीत राहतात.

ही वही मी आमच्या कौन्सिलच्या येत्या बैठकीत घेऊन येणार आहे. माझ्यासोबत दोघीजणी असतील, एक सिमडेग्याची, एक जशपूरची. बैठक संध्याकाळी सातला असते, त्या वेळी त्यांना घरी पोळ्या करायच्या असतात, म्हणून एवढी एक बैठक रविवारी दुपारी ठेवा. आणि टेबलाभोवती दोन खुर्च्या जास्त मांडा.

आपली नम्र,
मुंबईतल्या एका धर्मग्रामातली, वसईची लेक